स्वयंपाकघरातील मंडळी

जॉन वेस्ली आणि चार्ल्स वेस्ली या बंधूंची नावे आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाची असतील. एकाच्या उपदेशाने अठराव्या शतकातील इंग्लंड खडबडून जागे झाले. दुसऱ्याने सहा हजारांहून अधिक गीते रचून सर्वसामान्य मंडळीच्या मुखी प्रभूची स्तुती घातली. परंतु या दोघांनी कार्यास हात घालण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या मातोश्रींनी इंग्लंडमधील एका आडगावी, आपल्या स्वयंपाकघरात, एक उपासना चालविली होती. आणि त्या उपासनेची ठिणगी आपल्या भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून तेथे जाऊन पोहोचली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्या माउलीचे, सुझॅनाबाई वेस्ली यांचे, चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

सुझॅनाबाईंचा जन्म १६६९ च्या जानेवारीत लंडन येथे झाला. डॉ. सॅम्युएल अ‍ॅन्स्ली या नामांकित पाळकांचे त्या पंचविसावे अपत्य. १६६२ साली राज्याने ठरवून दिलेली उपासनापद्धती मान्य करण्यास ज्या सुमारे दोन हजार पाळकांनी नकार दिला आणि आपल्या पदांवर पाणी सोडले, त्यांपैकी अ‍ॅन्स्ली हे एक होते. सदसद्विवेकबुद्धीपुढे मानमरातब तुच्छ मानणाऱ्या या घरात सुझॅनाबाई वाढल्या. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी उभय पक्षांची मते स्वतः पारखून पाहिली आणि वडिलांची वाट सोडून त्या इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये गेल्या. आश्चर्य हे, की बापलेकीचे प्रेम त्यामुळे आटले नाही. स्वतः विचार करावा आणि जे पटेल त्यास जागावे, हा वारसा त्यांना वडिलांकडूनच मिळाला होता. पुढे एका कसोटीच्या प्रसंगी तो कसा उपयोगी पडला, ते आपण पाहणार आहोत.

१६८८ साली रेव्हरंड सॅम्युएल वेस्ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १६९७ साली हे कुटुंब लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी राहावयास आले. प्रदेश दलदलीचा, लोक कष्टाळू परंतु बहुतांशी निरक्षर, आणि नव्या पाळकांवर अनेकांचा रोष. सॅम्युएलसाहेब विद्वान होते, कवी होते. पण व्यवहारात त्यांचा हात कच्चा. कर्ज डोक्यावर चढत गेले आणि १७०५ साली एका धनकोने त्यांना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात टाकविले. घरी पैसा नव्हता. सुझॅनाबाईंनी बोटांतील अंगठ्या काढून पतीकडे पाठविल्या. त्यांनी त्या परत पाठविल्या. यॉर्कच्या आर्चबिशपांनी एकदा त्यांना विचारले, की घरात भाकरीची वाण कधी पडली काय? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की भाकरी कधी अगदीच नव्हती असे झाले नाही. पण ती मिळविण्याचा घोर आणि मिळाल्यावर तिचे पैसे फेडण्याचा घोर इतका असे, की तोंडातला घास कडू होई.

त्यांना एकोणीस मुले झाली. त्यांपैकी नऊ तान्हेपणीच गेली. वाचकहो, नऊ वेळा लहानशी शवपेटी ज्या घरातून निघाली, त्या घरातील आईच्या अंतःकरणाची कल्पना आपणच करावी.

१७०९ च्या फेब्रुवारी महिन्यात मध्यरात्री पाळकगृहास आग लागली. मुले कशीबशी बाहेर काढली. पण पाच वर्षांचा जॉन माडीवर अडकून राहिला. एका शेजाऱ्याच्या खांद्यावर दुसऱ्याने उभे राहून त्याला खिडकीतून उचलले आणि क्षणातच छप्पर कोसळले. घर, ग्रंथ, कागदपत्रे, सर्व भस्मसात झाले. विटांचे नवे घर उभे राहीपर्यंत मुलांना निरनिराळ्या घरी ठेवावे लागले. ती परत आली तेव्हा आईच्या ध्यानात आले, की त्यांची भाषा बिघडली आहे, प्रभुवाराचा आदर उरला नाही आणि जुनी शिस्त पार विसरली आहे. जळालेले घर पैशाने बांधता आले. पण विस्कटलेले कुटुंब पुन्हा कसे बांधावे?

त्यांनी आरंभ गायनाने केला. घरातच त्यांची शाळा भरत असे. त्या शाळेच्या सुरुवातीला व शेवटी, सकाळ-संध्याकाळ, सर्वांनी मिळून स्तोत्र गावयाचे, असा नेम घातला. संध्याकाळी पाच वाजले, की सर्वांत थोरल्या मुलाने सर्वांत धाकट्याला जवळ घ्यावे, त्याच्या पाठच्याने पुढच्या लहानग्याला घ्यावे आणि त्या दिवसाची स्तोत्रे व नव्या करारातील एक अध्याय वाचून दाखवावा. सकाळी याच रीतीने जुना करार. मुलगी नीट वाचू लागेपर्यंत तिला शिवणकामास लावावयाचे नाही, असाही त्यांचा कटाक्ष होता. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या काळी हा विचार किती पुढचा होता!

आता आपण थोडा वेळ एपवर्थ सोडून आपल्या देशात येऊ. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी नावाचे गाव आहे. त्या काळी तेथे डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती व ते त्यास ट्रांकेबार म्हणत. भोवतालचा मुलूख तंजावरच्या मराठा राजांचा, म्हणजे भोसल्यांचा होता. ९ जुलै १७०६ रोजी डेन्मार्कचे राजे चौथे फ्रेडरिक यांनी पाठविलेले दोन तरुण जर्मन मिशनरी, बार्थोलोमेयस झीगनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाऊ, तेथे उतरले. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले नाही. भाषा येत नव्हती. तेव्हा त्यांनी एका तमिळ गुरुजींना आपल्या घरी शाळा भरविण्यास विनविले आणि हे दोघे लहान मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले व वाळूत बोटाने अक्षरे गिरवू लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी एक लहानसे उपासनामंदिर बांधले, मुलांसाठी शाळा काढल्या. अधिकाऱ्यांच्या रोषामुळे झीगनबाल्ग यांना चार महिने कैदेत काढावे लागले. तरीही १७११ साली नव्या कराराचे तमिळ भाषांतर त्यांनी पुरे केले.

या सेवेच्या आठवणी ते पत्रांतून मायदेशी कळवीत असत. ती पत्रे १७०९ साली लंडन येथे इंग्रजीत प्रसिद्ध झाली आणि त्यांची एक प्रत एपवर्थच्या पाळकगृहात आली.

१७११ च्या हिवाळ्यात सॅम्युएलसाहेब चर्चच्या धर्मसभेसाठी लंडनला गेले होते. त्यांचा मुक्काम कित्येक महिन्यांचा असे. थोरली कन्या एमिलिया हिला वडिलांच्या अभ्यासिकेत ते पुस्तक सापडले आणि आईच्या सांगण्यावरून तिने ते मोठ्याने वाचून दाखविले. सुझॅनाबाईंच्या मनावर त्या वाचनाचा इतका खोल परिणाम झाला, की त्यानंतर कित्येक दिवस त्यांना दुसरा विषयच सुचेना. ते दोन तरुण सातासमुद्रापलीकडे जाऊन परक्या मुलांबरोबर वाळूत बसले होते. आपण पुरुष नाही, दीक्षित सेवक नाही, आपल्याला समुद्र ओलांडता येणार नाही. परंतु देवाने आपल्या पदरात जे आत्मे घातले आहेत, त्यांच्यासाठी आपण आजवर जे केले त्याहून अधिक काही करता येणार नाही काय?

पुस्तक वाचून गहिवरणारे पुष्कळ असतात. सुझॅनाबाईंनी गहिवराचे वेळापत्रक केले. रोज रात्री एका मुलाला एकट्याला जवळ बसवावयाचे आणि त्याच्या आत्म्याविषयी, त्याच्या प्रश्नांविषयी, त्याच्या भीतीविषयी त्याच्याशी बोलावयाचे. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॅकीचा म्हणजे जॉनचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार वर्षांच्या चार्ल्सचा, आणि रविवार एमिलिया व सुकी या दोघींचा. घरात कर्ज, मागे आगीची आठवण, अंगात अशक्तपणा. पण मुलांचे ते वार त्यांनी ठरवून दिले ते दिले.

सॅम्युएलसाहेबांच्या गैरहजेरीत त्यांचे साहाय्यक पाळक सकाळची उपासना चालवीत. संध्याकाळची उपासना होत नसे. प्रभुवाराची संध्याकाळ मुलांनी व नोकरांनी रिकामी घालवू नये, म्हणून सुझॅनाबाई त्यांना एकत्र बसवून स्तोत्र गात, प्रार्थना वाचीत आणि एखादा उपदेश वाचून दाखवीत. घरच्या एका नोकर मुलाने ही गोष्ट आपल्या आईवडिलांना सांगितली. त्यांनी येण्याची परवानगी मागितली. त्यांचे पाहून शेजारी आले. पाहता पाहता तीस-चाळीस माणसे जमू लागली. मग सुझॅनाबाईंनी घरातील पुस्तके धुंडाळून अंतःकरणास हात घालतील असे उत्तमोत्तम उपदेश निवडले आणि वाचण्यात अधिक वेळ घालविण्यास आरंभ केला. १७१२ च्या जानेवारीअखेर दोनशेहून अधिक लोक येत होते, आणि उभे राहण्यासही जागा न मिळाल्याने कित्येकांना परत जावे लागत होते.

वाचकहो, त्या मेळाव्यात विशेष असे काय होते? वाद्ये नव्हती, सजावट नव्हती, नामवंत वक्ता नव्हता. होती ती चुलीची ऊब, एका आईचा स्पष्ट आवाज, आणि आईबाप, लेकरे व नोकरचाकर या सर्वांना मिळालेली सारखी जागा. ज्या गावात अनेकांना धड वाचता येत नव्हते, तेथे आपल्याला समजेल असे कोणी वाचून दाखवीत आहे, याचेच लोकांना अप्रूप वाटले. मने जोडली गेली. प्रभुवारी रस्त्यावर उंडारणारी मुले घरी दिसू लागली. सात वर्षे चर्चची पायरी न चढलेला एक गृहस्थ पुन्हा उपासनेस येऊ लागला.

पण चांगल्या कार्यास विरोध ठेवलेलाच. प्रथम खुद्द सॅम्युएलसाहेबांनी लंडनहून शंका कळविली. ही गोष्ट लोकविलक्षण दिसेल, आपण स्त्री आहात, आणि माझ्या पदामुळे लोक बोट दाखवितील, असा त्यांचा सूर होता. ६ फेब्रुवारी १७१२ च्या पत्रात सुझॅनाबाईंनी शांतपणे उत्तर दिले. लोकविलक्षण म्हणाल, तर देवाचे नाव गांभीर्याने घेणारी प्रत्येक गोष्ट आजकाल तशीच दिसते. स्त्री म्हणाल, तर मी या कुटुंबाची आईही आहे. आणि पती दूर असता घरातील आत्म्यांची जबाबदारी माझ्यावर येते. दुसऱ्या कोणाकडून उपदेश का वाचून घेत नाही, याविषयीही त्यांनी लिहिले, की जमणाऱ्यांत अडखळत अक्षरे जुळविल्यावाचून एक उपदेश वाचू शकेल असा पुरुषच नाही!

यानंतर साहाय्यक पाळकांनी व गावातील काही जणांनी तक्रार केली, की पाळकगृहात नियमबाह्य सभा भरते. त्यांना चर्चमध्ये मोजकीच माणसे दिसत आणि स्वयंपाकघरात मात्र गर्दी, हे शल्य त्यामागे असावे. सॅम्युएलसाहेबांनी सभा बंद करावी असे सुचविले.

आपण सुझॅनाबाईंच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. पतीची आज्ञा मोडावी असे त्यांना वाटत नव्हते. देवाच्या वचनाप्रमाणे त्या पतीस मस्तक मानीत होत्या. दुसरीकडे, दाराशी येऊन आत घेण्याची विनंती करणाऱ्या आत्म्यास नाही म्हणण्याचे धैर्यही त्यांना होत नव्हते. याच पेचात त्यांचे वडील पन्नास वर्षांपूर्वी सापडले होते. २५ फेब्रुवारीच्या पत्रात त्यांनी आधी सभेची सर्व फळे पतीपुढे मांडली. सभा मोडली तर जे लोक आता चर्चकडे वळले आहेत ते दुरावतील, हेही सांगितले. आणि शेवटी लिहिले, की सभा बंद व्हावी अशी केवळ इच्छा कळवू नये. स्पष्ट आणि निःसंदिग्ध आज्ञाच पाठवावी, म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे ही संधी दवडल्याचा दोष माझ्या माथी राहणार नाही.

त्या पत्रात ना बंड होते, ना लाचारी. निर्णयाचे ओझे त्यांनी जेथे असावयास हवे तेथे ठेविले. सॅम्युएलसाहेबांनी तशी आज्ञा पाठविली नाही. ते परत येईपर्यंत उपासना चालू राहिली. आणि तेथे एका कोपऱ्यात आठ वर्षांचा जॉन व चार वर्षांचा चार्ल्स हे सर्व पाहत व ऐकत होते.

सुझॅनाबाईंचे सर्वच मनोरथ सफल झाले, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. त्यांच्या बुद्धिमान मुलींपैकी कित्येकींचे संसार दुःखाचे झाले. विशेषतः हेटीच्या वाट्याला बापाचा कठोर राग आणि विजोड विवाह आला. नियमित उपासनेचे घरही अश्रूंपासून सुटत नाही. परंतु जे पेरले गेले, ते सगळेच वाया जात नाही. जॉन पुढे ऑक्सफर्डमध्ये विद्वान म्हणून मान्यता पावला, तेव्हाही त्याला बालपणीच्या त्या गुरुवारच्या घटकेची ओढ होती. आईने आपल्यासाठी तेवढा वेळ पुन्हा राखावा, असे त्याने प्रौढपणी तिला कळविले. मुले कशी वाढविली हे लिहून पाठवावे, असा आग्रहही त्यानेच धरला, आणि १७३२ च्या जुलैमधील तिच्या उत्तरामुळेच त्या घरची रीत आज आपल्याला ठाऊक आहे.

१७३५ च्या एप्रिलमध्ये सॅम्युएलसाहेब निवर्तले. त्याच वर्षी जॉन व चार्ल्स यांना अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत मिशनरी म्हणून जाण्याचे बोलावणे आले. विधवा आईला सोडून कसे जावे, असा जॉनला प्रश्न पडला. वीस मुलगे असते आणि सर्वच या कामी गेले असते, तरी मला आनंदच झाला असता, अशा आशयाचे उत्तर आईने दिले. तरंगमबाडीच्या पत्रांनी एकदा पेटलेले अंतःकरण चोवीस वर्षांनीही थंड झाले नव्हते.

सुझॅनाबाईंची अखेरची वर्षे लंडनमध्ये जॉनच्या 'फाउंडरी' या उपासनागृहात गेली. तेथे थॉमस मॅक्सफील्ड या दीक्षा न घेतलेल्या तरुणाने उपदेश केला, म्हणून जॉन रागावून परतला. आईने त्याला थांबविले. आधी त्याचा उपदेश ऐकून पाहा, त्याची फळे पाहा आणि मग ठरव, असे तिने बजावले. जॉनने ऐकले आणि तो नमला. दीक्षा नसताना देवाचे वचन लोकांपुढे वाचण्याचा पेच त्या माउलीने स्वतः अनुभवला होता. म्हणूनच ती दुसऱ्यासाठी दार उघडू शकली. १७४२ साली जॉनने आपल्या अनुयायांचे सुमारे बारा जणांचे लहान वर्ग पाडले. दर आठवड्याला प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस व्हावी, असा नियम होता. सोमवार मॉलीचा, गुरुवार जॅकीचा, ही रीत त्यात आपणांस दिसत नाही काय?

त्याच वर्षी जुलै महिन्यात सुझॅनाबाई प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. आपला प्राण सुटताच मुलांनी देवाच्या स्तुतीचे स्तोत्र गावे, अशी त्यांची अखेरची इच्छा होती. मुलांनी पलंगाभोवती उभे राहून ती पुरी केली. घर जळाल्यावर ज्या गायनाने त्यांनी कुटुंब पुन्हा उभारले होते, त्याच गायनाने कुटुंबाने त्यांना निरोप दिला.

झीगनबाल्ग १७१९ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तरंगमबाडी येथे वारले. त्यांनी १७१८ साली बांधलेले न्यू जेरुसलेम चर्च आजही तेथे उभे आहे. त्यांच्या मृत्यूच्या वेळी जॉन वेस्ली अद्याप शाळेत होते. आपल्या पत्रांनी एपवर्थच्या स्वयंपाकघरात काय घडविले आणि त्यातून पुढे काय घडणार आहे, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. वेस्ली बंधूंच्या कार्यातून निघालेली मेथडिस्ट मंडळी १८५६ साली विल्यम बटलर यांच्याद्वारे बरेलीस आली आणि १८७१ साली विल्यम टेलर मुंबईस येऊन लोकांच्या घरोघरी लहान लहान संगती भरवू लागले. ज्या देशातून ठिणगी गेली होती, त्याच देशात दिवा परत आला.

प्रिय वाचकहो, आपणांपैकी कित्येक जण आज महाराष्ट्रापासून दूर, परभाषी शहरांत राहत असाल. जवळपास मराठी उपासना नसेल. मुले दुसऱ्याच भाषेत प्रार्थना करीत असतील. घरी सभा भरवावी तर जागा लहान, वेळ अपुरा, आणि आपण कोठे पाळक आहोत, अशी शंका मनात येत असेल. एपवर्थच्या त्या माउलीपुढेही याच अडचणी होत्या, आणि वर कर्जही होते.

आपल्या कपाटात एखाद्या जुन्या सेवकाच्या आठवणींचे पुस्तक धूळ खात पडले असेल, तर ते बाहेर काढावे. एखाद्या मुलीला ते मोठ्याने वाचावयास सांगावे. मग एक स्तोत्र गावे, अगदी लहान मुलालाही त्यात काही काम द्यावे, आणि आठवड्यातील एक वार एकेका लेकराच्या नावाने राखून ठेवावा. शेजाऱ्याच्या मुलाने दारातून डोकावले, तर त्यालाही चुलीजवळ जागा करून द्यावी. कोणत्या कोपऱ्यात कोणता जॉन बसलेला आहे, हे तेव्हा आईलाही ठाऊक नव्हते.